गुडघाभर उंचीचा सोनचाफा

मुंबईत गिरगावातल्या एखाद्या वाडीच्या मागच्या चौकात, कधीकाळी पक्ष्याने टाकलेल्या बीपासून उगवलेला सोनचाफा असतो. झाड तरतरीत, पानं वीतभर, शेंडा दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला टेकलेला. पण फुलाचं नाव नाही. घरातली वडीलधारी माणसं दर पावसाळ्यात वर बघतात आणि "यंदाही नाही" म्हणून आत जातात. दुसरीकडे रोपवाटिकेत काळ्या पिशवीत सोनचाफ्याचं गुडघाभर रोप उभं असतं. खोड बोटाएवढं, पानं मोजून दहा-बारा, आणि पानाच्या बेचक्यात पिवळीधमक कळी.

दोन्ही झाडं एकाच जातीची. वनस्पतिशास्त्रात सोनचाफा हा मॅग्नोलियाच्या घराण्यातला. लिनियसने १७५३ साली त्याला मिशेलिया हे वेगळं कुलनाम दिलं होतं, पुढे ते मॅग्नोलियातच सामावलं गेलं आणि आज त्याचं नाव मॅग्नोलिया चंपाका आहे. मग थोरल्याला जे जमलं नाही ते धाकट्याला कसं जमलं? गिऱ्हाइकाला वाटतं, ही बुटकी जात असेल, नाहीतर विकणाऱ्याने काहीतरी औषध मारलं असेल. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. त्या पिशवीतली फांदी वाडीतल्या उंच झाडापेक्षा वयाने मोठी असते, हे खरं कारण आहे. ते नीट समजलं की छोट्या जागेत सोनचाफा फुलवण्याची पुढची सगळी कामं सोपी होतात.

झाडाचं वय, फांदीचं वय

बीपासून उगवलेल्या प्रत्येक झाडाला बाल्यावस्था असते. या काळात झाड पानं काढतं, खोड जाड करतं, उंच होतं, पण त्याला फूल धरता येत नाही. खत घाला, पाणी तोडा, नवस बोला, उपयोग नाही. झेंडूची ही अवस्था काही आठवड्यांत संपते. सोनचाफ्याची सात-आठ वर्षं चालते, कधी दहाही.

एवढा उशीर का, हे त्याच्या मूळ घराकडे पाहिलं की कळतं. सोनचाफा जंगलातला मोठा वृक्ष आहे. पश्चिम घाटात आणि ईशान्य भारतातल्या ओल्या जंगलांत तो तीस मीटरपर्यंत वाढतो, म्हणजे नऊ-दहा मजले. जंगलाच्या तळाशी उजेड फार थोडा. तिथे उगवलेल्या रोपाने कमरेएवढं असतानाच फुलांवर ताकद खर्च केली, तर शेजारची झाडं त्याला झाकून टाकतील. म्हणून आधी उजेड गाठायचा, मग फुलायचं, हा क्रम या जातीच्या अंगात मुरलेला आहे. वाडीतल्या चौकात स्पर्धा नाही, हे त्या रोपाला कळण्याचा मार्ग नाही.

हे वय मोजलं कुठे जातं? फांदीच्या टोकाशी. तिथे सतत विभागणाऱ्या पेशींचा एक इवलासा पुंजका असतो, पुढची पानं, फांदी फुटायचे डोळे, फांद्या सगळं त्यातूनच निघतं. वनस्पतींच्या अभ्यासात असं दिसलं आहे की कोवळ्या वयात या पेशींमध्ये एका सूक्ष्म आरएनएचं प्रमाण भरपूर असतं आणि ते फुलण्याची जनुकं दाबून ठेवतं. वय वाढतं तसं ते प्रमाण उतरत जातं आणि दाब सुटतो. एकदा प्रौढ झालेली फांदी साधारणपणे प्रौढच राहते. ती झाडावरून उतरवून दुसऱ्या मुळावर बसवली, तरी तिचं वय पुसलं जात नाही.

लालबाग-परळमध्ये गिरण्यांच्या काळात खानावळी असत. खानावळ नवी, चूल नवी, भांडी नवी, पण आचारी वीस वर्षं मुरलेला असला तर पहिल्याच दिवशी पंगत उठायची. हात आचाऱ्याचा होता, जागेचा नव्हता. रोपवाटिकेतलं ते रोप म्हणजे कलम, आणि त्याचं तसंच आहे. मूळ कोवळं असतं, ते पाणी आणि क्षार पुरवतं. वर बसवलेली फांदी मात्र फुलून फुलून मुरलेल्या झाडाची असते. पिशवीतलं रोप म्हणूनच वर्ष-दीड वर्षात कळी धरतं.

कलम जुळतं कसं

झाडाच्या सालीच्या आत, लाकडाच्या बाहेर, एक पातळ ओलसर थर असतो. नखाने कोवळ्या फांदीची साल सोलली तर बोटाला बुळबुळीत लागतो तोच. या थरातल्या पेशी आयुष्यभर विभागत राहतात. आतल्या बाजूला लाकूड तयार करतात, बाहेरच्या बाजूला अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या. बीपासून वाढवलेलं पेन्सिलीएवढ्या जाडीचं रोप घ्यायचं, त्याला खुंट म्हणतात. त्याचा शेंडा उडवून मधोमध चीर द्यायची. जातिवंत, भरपूर फुलणाऱ्या झाडाची तेवढ्याच जाडीची कलमकाडी पाचरीच्या आकारात तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. दोघांचे ओले थर एकमेकांना भिडले पाहिजेत, सगळी मेख इथे आहे. भिडले तर दोन्हीकडून नव्या पेशींचा मऊ भराव वाढतो, फट भरून निघते आणि काही आठवड्यांत त्या भरावातूनच पाण्याच्या आणि अन्नाच्या नळ्या आरपार जोडल्या जातात. हे झालं पाचर कलम. फांदी झाडावर असतानाच शेजारी खुंटाची कुंडी टांगून दोघांना जोडलं तर ते भेट कलम.

कोकणात आंब्यामुळे कलमाची विद्या घरोघर आहे, आणि सोनचाफ्यालाही तिचा फायदा झाला. सिंधुदुर्गातून पसरलेला 'वेलणकर' सोनचाफा हे त्याचं ठळक उदाहरण. दादरच्या फूलबाजारात पहाटे येणारा बराचसा सोनचाफा वसईच्या वाड्यांमधून लोकलने येतो. फुलं हाताने खुडता यावीत म्हणून बागायतदार झाडं ठेंगणी राखतात, कारण सोनचाफ्याची फांदी ठिसूळ. शिडी टेकवली की मोडते.

फांदी कापून मातीत खोचली तर? देवळाच्या आवारातल्या पांढऱ्या देवचाफ्याची काठी खोचली की मुळं धरते, ते पाहून लोक सोनचाफ्यावरही तो प्रयोग करतात. देवचाफा वेगळ्या घराण्यातला, कण्हेरीचा नातलग. त्याच्या गुबगुबीत, चिकाळ फांदीत पाण्याचा साठा असतो, त्यामुळे मुळं फुटेपर्यंत ती तग धरते. सोनचाफ्याची फांदी लाकडी असते. कापल्यावर पानांतून पाणी उडत राहतं, मुळं लवकर फुटत नाहीत, आणि फांदी त्याआधीच सुकते.

वाडीतलं न फुलणारं झाड मात्र टाकाऊ मानू नका. त्याच्याच मजबूत, कोवळ्या फांद्यांवर जाणत्या माळ्याकडून फुलणाऱ्या झाडाच्या काड्या बांधून घेता येतात. आणखी पाच वर्षं वाट पाहण्यापेक्षा हे बरं.

चौकट : रोपवाटिकेत रोप पारखताना

खोडावर मातीपासून थोड्या उंचीवर सांधा शोधा. तिथे साल किंचित फुगलेली किंवा तिरकी दिसते आणि खालच्या-वरच्या सालीचा रंग थोडा वेगळा असतो. सांधा नसेल तर रोप बीचं समजा. फूल असलेलं रोप घ्यावं, म्हणजे रंग आणि वास दोन्ही स्वतः पाहता येतात. सांध्याखालून फुटलेली फांदी खुंटाची, म्हणजे बाल्यावस्थेतली. ती लगेच खुडायची, नाहीतर जोमाने वाढून वरच्या कलमाला उपाशी मारते. जुनी पट्टी सांध्यावर राहिली असेल तर कापून काढा, खोड जाड होताना ती आत रुतते. लावताना सांधा मातीत गाडला जाणार नाही हे पाहा.

शेंडा खुडला की काय होतं

कलमामुळे झाड लवकर फुलतं, पण ते आपोआप लहान राहत नाही. जमिनीत मोकळं सोडलं तर कलमी सोनचाफाही चांगला मोठा होतो. त्याला आटोपशीर ठेवायचं ते शेंडा खुडून.

प्रत्येक फांदीच्या टोकाशी ऑक्सिन नावाचं संप्रेरक, म्हणजे वाढीचा निरोप नेणारं रसायन, तयार होतं आणि खाली झिरपत जातं. पानांच्या बेचक्यांत झोपलेले डोळे ते आहे तोवर फुटत नाहीत. टोक जितकं जोरात वाढेल तितके खालचे डोळे गप्प, आणि झाड एका दांड्याने वर जात राहतं. टोक खुडलं की निरोप थांबतो. कापाच्या खालचे दोन-तीन डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या जागी दोन-तीन होतात. त्या वीतभर वाढल्या की त्यांचेही शेंडे खुडायचे. वर्ष-दोन वर्षांत छातीएवढ्या उंचीचं खोड आणि वर डेरेदार झुडूप तयार होतं.

इथे सोनचाफ्याची एक गोष्ट फार सोयीची आहे. मॅग्नोलियाच्या घराण्यात अनेकांना फूल फांदीच्या अगदी टोकाला येतं. ताटलीएवढी पांढरी फुलं देणारा हिमचंपा तसाच. त्याचे शेंडे अवेळी छाटले तर येणारी फुलंच छाटली जातात. सोनचाफ्याला कळी येते ती पानांच्या बेचक्यात, नव्या वाढीवर. नव्या फांद्या जास्त म्हणजे बेचकी जास्त, आणि बेचकी जास्त म्हणजे कळ्यांना जागा जास्त. म्हणून हलकी, वारंवार खुडणी इथे फुलं वाढवते. छाटणीने झाड दुखावतं या भीतीने लोक हात आखडता घेतात, आणि मग तीन वर्षांनी छताला लागलेलं झाड एकदम अर्ध्यावर कापतात. त्याने मात्र ते खरंच दुखावतं. बोटांनी खुडता येईल तेवढं कोवळं असतानाच खुडावं. जाड फांदी काढायचीच झाली तर थंडी सरल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. भर पावसात नको, ओल्या जखमेत बुरशी शिरते.

आवारात जमिनीत लावणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांना १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे. सोसायटीच्या आवारातलं वाढलेलं झाड तोडायला किंवा त्याच्या फांद्या उतरवायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते, ते झाड आपण स्वतः लावलेलं असलं तरी. तेव्हा भिंतीपासून आणि गटाराच्या पाइपपासून अंतर सुरुवातीलाच ठेवलेलं बरं. दादर-माटुंग्याला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेल्या जुन्या वसाहतींत इमारतीभोवती मोकळी जागा असते. तिथे हे जमतं. गिरगावच्या वाड्यांत बहुतेकांना कुंडीशिवाय पर्याय नाही.

कुंडी, आणि तिचं वजन

कुंडी झाडाला लहान ठेवायला मदत करते. मुळांना जागा संपली की ती वर पाठवत असलेल्या निरोपांचा सूर बदलतो आणि शेंड्याची वाढ मंदावते. कलमी सोनचाफ्याला सुरुवातीला बारा इंची आणि दोनेक वर्षांनी अठरा इंची कुंडी पुरते. लहान रोप एकदम मोठ्या कुंडीत लावू नये. मुळं पोहोचलेली नसतात तिथली माती सतत ओली राहते आणि आंबते.

आता वजनाचं. अठरा इंच व्यासाच्या, सोळा इंच उंच कुंडीत पन्नास-साठ लिटर माती मावते. ओल्या मातीचं वजन लिटरला दीड किलोच्या आसपास धरलं तर एक कुंडी पाऊणशे ते नव्वद किलोंची होते, म्हणजे मोठं माणूस कायमचं तिथे उभं. जुन्या चाळींच्या बाहेर काढलेल्या लाकडी गॅलऱ्या आणि खिडकीच्या लोखंडी ग्रिल या वजनासाठी बांधलेल्या नाहीत, त्यांच्यावर सोनचाफा ठेवू नये. हे मी आग्रहाने सांगतो. गच्चीवर ठेवायचा तर खाली तुळई किंवा भिंत असेल तिथे, कडेला, विटांवर उचलून, आणि इमारत जुनी असेल तर जाणकाराला विचारून. मातीत निम्मा भिजवलेला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणांचा भुसा, मिसळला तर साधारण पाचवा हिस्सा वजन कमी होतं. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावा, त्यात मीठ असतं.

सोनचाफ्याची मुळं जाड, मऊ आणि कमी फाटे असलेली. तुटली की भरून यायला वेळ लागतो. म्हणून कुंडी बदलताना मातीचा गोळा झटकून मुळं मोकळी करायची सवय इथे सोडावी. गोळा अखंड उचलायचा, कडेने गोल फिरलेली चार मुळं कात्रीने कापायची आणि नव्या मातीत बसवायचा. मृग लागल्यानंतरची हवा त्याला सगळ्यात मानवते.

चुन्याची माती, पिवळी पानं

सोनचाफ्याला किंचित आंबट माती हवी. कोकणातली जांभ्याची तांबडी माती तशी असते. दक्षिण आणि मध्य मुंबईची माती मात्र बरीचशी माणसाने केलेली. बेटांमधल्या खाड्या आणि दलदली भरून हे शहर जोडलं गेलं आणि नंतरही पाडलेल्या इमारतींचा राडारोडा आवारांत पसरत राहिला. जुन्या भिंतींचा चुना, सिमेंट, प्लॅस्टरचे पापुद्रे यांनी माती अल्कधर्मी होते. अशा मातीत लोह असतं, पण ते पाण्यात विरघळत नाही आणि मुळांना उचलता येत नाही.

लोह नसलं की पानात हरितद्रव्य नीट तयार होत नाही. झाड जुन्या पानांतलं लोह काढून नव्या पानांना देऊ शकत नाही, त्यामुळे खूण आधी नव्या पानांवर उमटते: पान पिवळं, शिरा हिरव्या. याउलट नत्र कमी पडलं तर झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवतं, आणि खालची जुनी पानं सबंध पिवळी पडतात. पिवळेपणा वर आहे की खाली, एवढं पाहिलं तरी अर्धं निदान झालं. पुष्कळ लोक पान पिवळं दिसलं की शेणखताची आणखी एक ओंजळ घालतात, आणि लोहाच्या कमतरतेवर त्याचा काही उपयोग होत नाही.

अंड्याची टरफलं हा घरगुती बागकामातला आवडता उपाय. ती म्हणजे निव्वळ चुना. टोमॅटोला चालतील, सोनचाफ्याच्या कुंडीत नकोत. चुलीची राखही नको. पानं पिवळी पडू लागली तर शेतीच्या दुकानात चिलेटेड लोह मिळतं. ते पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यातून द्यावं. या रूपातलं लोह अल्कधर्मी मातीतही बऱ्यापैकी विरघळलेलं राहतं. मग सावकाश, पालापाचोळ्याच्या खताने मातीच सुधारावी. देवाच्या फुलांचं, निर्माल्याचं खत त्यासाठी उत्तम.

पाण्याचंही बघावं लागतं. गिरगाव-दादरच्या कित्येक इमारतींत वरकामासाठी विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरतात. समुद्र जवळ असल्याने ते अनेक ठिकाणी मचूळ असतं. अशा पाण्याने पानांची टोकं आणि कडा करपतात. सोनचाफ्याला तानसा-वैतरणा तलावांचं नळाचं पाणी घालावं, बादलीत रात्रभर ठेवून.

तळाशी विटांचे तुकडे घालू नका

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कुंडीतल्या सोनचाफ्याला उन्हाळ्यापेक्षा जुलै जास्त धोक्याचा. मुळांनाही श्वासाला प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरल्या की हवा निघून जाते, मुळं गुदमरतात आणि बुरशी त्यांना कुजवते. कुजकी मुळं पाणी उचलू शकत नाहीत, म्हणून माती चिंब असूनही पानं मलूल होतात. त्या मलूल पानांना पाहून आणखी पाणी घातलं जातं, आणि झाड जातं.

यावर उपाय म्हणून कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडीचा थर घालण्याची पद्धत घराघरांत आहे. तिचा हेतू चांगला, परिणाम उलटा. बारीक मातीच्या फटी चिमुकल्या असतात आणि त्या पाणी धरून ठेवतात. खालच्या खडीच्या फटी मोठ्या, त्यांच्यात ते ओढून घेण्याची ताकद नाही. त्यामुळे मातीचा सगळ्यात खालचा थर पूर्ण भिजेपर्यंत पाणी खडीत उतरतच नाही. भिजून राहणारा हा थर प्रत्येक कुंडीत तळाशी असतो. खडी घातली की तो खडीच्या जाडीइतका वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ येतो. त्यापेक्षा भोकावर खापराचा एकच तुकडा पालथा ठेवा, माती वाहून जाणार नाही एवढ्यापुरता. निचरा सुधारायचा तर तो सबंध मातीत सुधारायला हवा: तांबडी माती, कोकोपीट, जाड वाळू किंवा भाताची तुसं, आणि चाळलेलं शेणखत. भोकं एकाऐवजी चार असावीत. कुंडी ताटलीत ठेवू नये, जून ते सप्टेंबर तर नाहीच.

ऊन कुठून येतं

कळी धरणं हे झाडाला खर्चाचं काम आहे, आणि तो खर्च पानांनी उन्हात कमावलेल्या साखरेतून भागतो. दिवसाला पाचेक तास थेट ऊन मिळालं तर कलमी सोनचाफा भरपूर फुलतो. दोन तासांत तो जगतो, पानं गर्द हिरवी राहतात, फुलं मात्र चार-दोन. परळ-लालबागमध्ये गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले आणि आसपासच्या चाळींवर त्यांची सावली फिरू लागली. तिथे झाड न फुलण्याचं कारण पुष्कळदा मातीत नसतंच, वर असतं.

कुंडी कुठे ठेवायची हे ठरवताना सूर्याची चाल पाहावी. मुंबईत शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो तो दिवस, मेच्या मध्याला येतो आणि पुन्हा जुलैअखेरीस. या दोन तारखांच्या मध्ये भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि नेमके तेव्हाच ढग येतात. बाकी सारं वर्ष तो दक्षिणेकडे कललेला, हिवाळ्यात तर चांगलाच. म्हणून दक्षिणमुखी जागेला नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तिरपं, आतवर येणारं ऊन मिळतं, आणि झाडाची खरी कमाई याच महिन्यांत होते. पूर्वमुखी जागाही चांगली. पश्चिमेचं मे महिन्यातलं ऊन कुंडी तापवतं, तिथे मातीवर सुक्या पानांचं आच्छादन हवं. चौपाटीसमोरच्या गच्च्यांवर खाऱ्या वाऱ्याला आडोसा करावा.

पानं गर्द, वाढ जोरात, ऊन पुरेसं आणि तरी फूल नाही, असं झालं तर खत जास्त होतंय का पाहा. नत्र जास्त मिळालं की झाड पानांच्याच मागे लागतं. युरिया बंद करून महिन्याला मूठभर निंबोळी पेंड आणि शेणखत एवढ्यावर ठेवलं की बहुधा सुधारतं.

फूल खुडावंच

झाडावरची फुलं तोडू नयेत, झाड दुबळं होतं, असं मानणारे पुष्कळ आहेत. सोनचाफ्याच्या बाबतीत उलट आहे. फूल राहिलं आणि फळ धरलं तर त्या ठिकाणी फळांचा घोस तयार होतो. तो उकलला की लाल-नारिंगी आवरणाच्या बिया दिसतात, बुलबुल आणि कोकीळ त्यासाठी येतात. हा घोस झाडाची साखर दीर्घकाळ ओढत राहतो आणि नव्या कळ्यांना कमी पडतं. कुंडीतल्या झाडाचं भांडवल आधीच मोजकं. रोज फूल खुडणाऱ्या घरातलं झाड म्हणूनच जास्त फुलतं.

खुडायचं ते पहाटे. कळी आधी हिरवट असते, मग फिकट पिवळी, मग तिच्यात केशरी झाक येते. हा रंग कॅरोटिनॉइड नावाच्या द्रव्यांचा, गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यांच्या कुळातला. सोनचाफ्याच्या वासात अनेक घटक असतात, आणि त्यांतले आयोनोन हे या कॅरोटिनॉइडांचेच तुकडे होऊन बनतात. म्हणजे रंग चढणं आणि घमघमाट सुटणं यांचा कच्चा माल काही प्रमाणात एकच आहे. पूर्ण उमललेलं फूल उन्हं चढली की वास उधळून बसतं. पाकळी दाबली गेली तर तपकिरी पडते, कारण पेशी फुटून आतली द्रव्यं हवेतल्या प्राणवायूला भेटतात. देठ धरूनच खुडावं आणि पाण्यात ठेवावं.

पानांवर कधी हिरव्या, गुळगुळीत अळ्या दिसतील. टेल्ड जे आणि कॉमन जे ही फुलपाखरं सोनचाफ्याच्या पानांवर अंडी घालतात. पाच-दहा पानं गेल्याने झाडाचं काही बिघडत नाही, फवारणी करू नये. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड यांचा बंदोबस्त मात्र करावा. कापसाचा बोळा साबणाच्या पाण्यात बुडवून पुसून काढले की पुरतं. मुंग्यांची रांग दिसली तर कीड आहे असं समजावं, कारण मुंग्या तिच्या गोड स्रावासाठी तिला सांभाळतात.

ऊन कमीच असेल तर

ज्यांच्या गॅलरीत अर्धा दिवसही ऊन नाही, त्यांनी कवठी चाफा लावावा. तोही मॅग्नोलियाच्याच घराण्यातला, पण जन्माने झुडूप. माणसाच्या उंचीच्या थोडं वर जाऊन थांबतो आणि दोन-तीन तासांच्या कोवळ्या उन्हावर भागवतो. फुलं पांढरी, गोलसर, खाली मान घातलेली, वास रात्रीचा आणि फळांच्या अंगाने जाणारा. याला फूल फांदीच्या टोकाला येतं, त्यामुळे सोनचाफ्यासारखी वर्षभर खुडणी इथे चालत नाही. एक बहर संपला की लगेच, पुढची कळी दिसायच्या आत, शेंडे हलके छाटायचे आणि मग हात लावायचा नाही. माती, निचरा आणि चुन्याची सगळी पथ्यं मात्र तीच.